जर्मनीत बिऱ्हाड थाटताना: पहिल्या काही महिन्यांची कामं, क्रमाने

जर्मनीतल्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. पत्त्यात रस्त्याचं नाव आणि इमारतीचा क्रमांक एवढंच. आतल्या बारा बिऱ्हाडांपैकी तुमचं कुठलं, हे पोस्टमन खालच्या टपालपेटीवरच्या आडनावावरून ठरवतो, आणि पेटीवर आडनाव नसेल तर पत्र परत जातं. या देशात करक्रमांक, बँक कार्डाचा पिन, विम्याचं कार्ड, दंडाची नोटीस सगळं अजूनही टपालानेच येतं. तेव्हा किल्ली हातात पडली की आधी पासपोर्टवरचं आडनाव कागदावर ठळक लिहून पेटीवर आणि घंटीच्या बटणाशेजारी चिकटवा. घरमालक नीट पट्टी बसवेल तेव्हा बसवेल.

हा लेख नोकरीच्या व्हिसावर, एकटं किंवा कुटुंबासह, राहायला जाणाऱ्यांसाठी आहे. इथली कामं एकमेकांत अडकलेली असतात. घर नाही तर पत्त्याची नोंद नाही, नोंद नाही तर करक्रमांक नाही, आणि करक्रमांक नाही तर पहिल्या पगारातून भलताच कर कापला जातो. हा क्रम पाळला की निम्मी धावपळ वाचते.

निघण्यापूर्वी

मूळ कागद हातातल्या सामानात ठेवा: जन्मदाखले, विवाह नोंदणीचा दाखला, पदव्या आणि गुणपत्रिका, जुन्या नोकऱ्यांची पत्रं, वाहन परवाना, मुलांची लसीकरणाची कार्डं. सगळ्यांचे स्कॅन वेगळे. भाषांतरांची घाई करू नका. बऱ्याच कचेऱ्यांना जर्मनीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराचंच भाषांतर लागतं, आणि मोठ्या शहरांत इंग्रजी दाखला तसाच चालून जातो. कुठला कागद लागतो हे कळल्यावर पैसे खर्च करा.

नावांकडे मात्र आत्ताच बघा. आपल्याकडे बायकांचं नाव पासपोर्टवर माहेरचं, लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर सासरचं, असं सर्रास असतं. महापालिकेत ते खपतं. जर्मन कारकून अक्षर न् अक्षर ताडून बघतो आणि मुलाच्या दाखल्यावरची बाई हीच का, असा प्रश्न लेखी विचारतो. दुरुस्ती पुण्यात किंवा नाशकात बसून करणं तिथून करण्यापेक्षा फार सोपं आहे.

दुसरी गोष्ट मधल्या नावाची. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात तुमचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र छापलेलं असेल, तर जर्मनीत ती दोन्ही तुमचीच पहिली नावं धरली जातात. वडिलांचं नाव मध्ये लावायची पद्धत त्यांना ठाऊक नाही. त्यामुळे पत्रांवर 'श्रीमती अनघा विनायक' असं येत राहील. ते सोडून द्या, पण नोकरीचा करार, बँक, विमा, घराचा करार सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच पूर्ण नाव लिहा. एका ठिकाणी वडिलांचं नाव गाळलं आणि दुसरीकडे लिहिलं की यंत्रणेच्या दृष्टीने तुम्ही दोन माणसं होता. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो भरून घेतल्याशिवाय निघू नका.

सामानाबद्दल. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे आईने दिलेलं तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या कस्टममध्ये जाऊ शकतात. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर यांना. नारळ चालतो, हापूस नाही. मसाले, पापड, गोडा मसाला, भाजणी, सुकी चटणी आणायला हरकत नाही.

वीज भारतासारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. त्यामुळे मिक्सर चालतो, फक्त तीन जाड पिनांचा प्लग सॉकेटमध्ये बसत नाही. भारतातून ॲडाप्टर आणा किंवा तिथे प्लग बदलून घ्या. शेगड्या बहुतेक काचेच्या, विजेच्या. त्यांवर गोल बुडाची कढई काम करत नाही. सपाट बुडाची कढई आणि इंडक्शनवर चालणारा कुकर घ्या, कारण घर मिळेपर्यंत शेगडी कुठली असेल हे कळत नाही. कुकरच्या दोन जादा रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह बॅगेत टाका. शिट्टीचा कुकर तिथे मिळतो तो वेगळा, आणि त्याच्या रिंगा आपल्या कुकरला बसत नाहीत.

नवं सोनं अंगावर घालून न्यायचं असेल तर लक्षात ठेवा की विमानाने येणाऱ्या प्रौढाला ४३० युरोपर्यंतच्याच वस्तू करमुक्त आणता येतात. कायमचं राहायला जाताना सहा महिन्यांहून जुन्या, वापरातल्या घरगुती वस्तूंना सवलत आहे, पण ती कस्टमला सांगून घ्यावी लागते. दागिन्यांच्या जुन्या पावत्या आणि फोटो सोबत असावेत. नंतर भारतभेटीहून परत येताना खरी अडचण होते: लग्नात मिळालेला हार कस्टमच्या हिरव्या, म्हणजे 'जाहीर करण्यासारखं काही नाही' या, मार्गिकेतून नेला आणि पकडला गेला, तर करावर दंडही बसतो.

घर

सुरुवातीचा महिना-दोन महिने सामानासकट भाड्याने मिळणारं घर घ्यावं लागतं. तिथे एकच प्रश्न लेखी विचारा: या पत्त्यावर नोंदणी करता येईल का? नाही म्हणाले तर ते घर कितीही स्वस्त असलं तरी महाग पडतं, कारण पुढची सगळी कामं त्या नोंदीवर उभी आहेत.

जाहिरातीत खोल्या मोजताना स्वयंपाकघर आणि न्हाणीघर धरत नाहीत. 'दोन खोल्यांचं घर' म्हणजे आपलं वन बीएचके, तीन म्हणजे टू बीएचके. 'काल्टमीटे' हे नुसतं भाडं. त्यात पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुधा हीटिंगची आगाऊ रक्कम मिळवली की 'वार्ममीटे'. वीज आणि इंटरनेट जवळजवळ नेहमी वेगळे. आगाऊ घेतलेल्या रकमेचा हिशोब वर्षातून एकदा होतो. हिवाळाभर खिडकी किलकिली ठेवून हीटर पूर्ण फिरवला असेल तर दुसऱ्या वर्षी काही शे युरोंचा फरक भरावा लागतो. वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत हिशोब दिला नाही तर मालकाला जादा पैसे मागता येत नाहीत, हेही माहीत असू द्या.

अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी, आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्याने आहे. नवख्याने तो हक्क हट्टाने बजावावा की नाही हा वेगळा प्रश्न. जिथे एका घरामागे पन्नास अर्ज येतात तिथे बहुतेक जण मुकाट्याने एकरकमी देतात. भाड्याच्या घरासाठी एजंट मालकाने नेमला असेल तर त्याची फी मालकानेच द्यायची, असा नियम २०१५ पासून आहे. घर बघण्याआधी पैसे मागणारा, 'मी परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो' म्हणणारा माणूस शंभर टक्के ठग.

मालक 'शूफा'चं पत्र मागेल. ही कर्ज आणि बिलं वेळेवर भरण्याची नोंद ठेवणारी संस्था आहे, आणि नव्या माणसाची तिच्याकडे नोंदच नसते. त्याऐवजी नोकरीचा करार, शेवटच्या तीन पगारपावत्या, आधीच्या घरमालकाचं भाडं थकलं नाही असं पत्र, आणि जर्मनमध्ये दहा ओळींचा स्वतःचा परिचय अशी एकच पीडीएफ तयार ठेवा. जाहिरात आल्यापासून तासाभरात पाठवली तर घर दाखवायला बोलावण्याची शक्यता वाढते.

घर रिकामं मिळतं, आणि रिकामं म्हणजे किती रिकामं याची आपल्याला कल्पना नसते. दिवे नसतात, छतातून नुसत्या वायरी लोंबतात. पुष्कळदा ओटा, सिंक, शेगडी, काहीच नसतं. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर उचलून घेऊन जातो किंवा तुम्हाला विकतो. तो विकत असेल तर भाव करून घ्या. नवं बसवायला महिना-दीड महिना सहज जातो.

ताबा घेताना हस्तांतराचा कागद बनवतात. त्यावर वीज, पाणी आणि हीटिंगच्या मीटरचे आकडे लिहा, प्रत्येक ओरखडा, फरशीची चीर, भिंतीतलं भोक लिहा, फोटो काढा. घर सोडताना हाच कागद अनामत वाचवतो. घर सोडायचं असेल तर तीन महिन्यांची नोटीस लागते, आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हाती पडली तरच तो महिना धरला जातो. मार्चच्या तीन तारखेला पोचली तर मेअखेर सुटका, पाचला पोचली तर जूनअखेर. ईमेल चालत नाही. कागदावर, शाईच्या सहीने, नोंदणीकृत टपालाने.

पत्त्याची नोंद

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नागरिक कचेरीत जाऊन 'आनमेल्डुंग' करायचं. पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाने सही केलेलं 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग', म्हणजे हा माणूस माझ्या घरात राहायला आला आहे असा दाखला, इतकं लागतं. भाडेकरार त्याऐवजी चालत नाही, आणि इथेच निम्मे लोक परत फिरतात. कुटुंब असेल तर विवाहाचा आणि जन्माचे दाखलेही न्या.

वेळ ऑनलाइन ठरवावी लागते. बर्लिनसारख्या शहरात चौदा दिवसांत वेळच मिळत नाही. घेतलेल्या वेळेचा पुरावा जपून ठेवा, तेवढ्यावर सहसा भागतं. सकाळी आठच्या सुमाराला संकेतस्थळावर रद्द झालेल्या वेळा दिसतात. शहरातली कुठलीही शाखा चालते, तेव्हा उपनगरातल्या शाखांचाही शोध घ्या.

फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तो जनगणनेसाठी नाही, चर्चच्या करासाठी आहे. हिंदू, बौद्ध, जैन यांनी रिकामा ठेवला तरी चालतो. वसईचे किंवा गोव्याचे कॅथलिक मात्र सवयीने धर्म लिहून मोकळे होतात, आणि मग पगारातून आयकराच्या ८ किंवा ९ टक्के जादा कापले जातात. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये ८, इतर राज्यांत ९. द्यायचा असेल तर जरूर द्या, पण कळून द्या.

नोंदणीचा कागद तिथल्या तिथे मिळतो. त्याच्या दोन-तीन प्रती काढून ठेवा.

करक्रमांक, बँक, विमा

नोंदणीनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांत अकरा आकडी करक्रमांक टपालाने येतो. तो कंपनीच्या पगार विभागाला वेळेत दिला नाही तर सहावा करवर्ग लागू शकतो, म्हणजे सगळ्यात जास्त कापणी. पैसे पुढे परत मिळतात, पण पहिला महिना कोरडा जातो. एकट्याचा करवर्ग पहिला. नवरा-बायको दोघं जर्मनीत नोंदलेले असतील तर दोघांना चौथा, आणि एकाचाच पगार असेल तर अर्ज करून तिसरा-पाचवा घेता येतो. जोडीदार अजून भारतात असेल तर लग्न झालेलं असूनही पहिलाच वर्ग. कुटुंब येऊन त्यांची नोंद झाली की लगेच करकचेरीत बदलाचा अर्ज द्या. तिसरा-पाचवा घेतला की वार्षिक विवरणपत्र भरणं सक्तीचं होतं.

बँकेत साधं चालू खातं लागतं. व्हिडिओ कॉलवर ओळख पटवणाऱ्या सगळ्याच बँका भारतीय पासपोर्ट स्वीकारत नाहीत. अशा वेळी पोस्टात जाऊन ओळख पटवायचा पर्याय निवडा. भाडं, वीज, विमा, फोन यांची बिलं 'लास्टश्रिफ्ट'ने, म्हणजे समोरचा तुमच्या खात्यातून परस्पर काढून घेतो. आपल्याला हे धास्तीचं वाटतं. पण चुकीने काढलेली रक्कम आठ आठवड्यांच्या आत, कारण न देता, बँकेकडून परत मागता येते. खात्यात पैसे नसल्यामुळे हप्ता परत गेला तर मात्र दंड आणि शूफावर डाग. बेकरीत, छोट्या हॉटेलात अजून रोख लागते, तेव्हा खिशात वीस-तीस युरो असू द्या.

आरोग्यविमा पहिल्या दिवसापासून सक्तीचा आहे. सरकारी पद्धतीच्या विम्यात पगाराच्या १४.६ टक्के आणि वर विमा संस्थेनुसार थोडा जादा हप्ता जातो. निम्मा नोकरी देणारी कंपनी भरते. कमाई नसलेली पत्नी किंवा पती आणि मुलं त्यातच, जादा पैसे न देता, येतात. वर्षाचा पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल, २०२६ साठी ही मर्यादा ७७,४०० युरो आहे, तर खासगी विमा घेता येतो, आणि विमा विकणारे तुम्हाला शोधत येतील. तरुण आणि एकट्या माणसाला खासगी हप्ता स्वस्त दिसतो. पण तिथे प्रत्येक मुलाचा हप्ता वेगळा, वयाबरोबर चढणारा, आणि तिथून परत यायची वाट अरुंद. पंचावन्नाव्या वर्षानंतर जवळजवळ बंद. कुटुंब आणायचा विचार असेल तर सरकारीच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सक्तीचा नसलेला पण घ्यायलाच हवा असा विमा म्हणजे 'हाफ्टप्फ्लिश्ट', तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा. वर्षाला ५० ते १०० युरोंत येतो. मुलाने सायकल कुणाच्या गाडीला घासली, धुण्याच्या यंत्राचं पाणी खालच्या मजल्यावर उतरलं, इथपर्यंत ठीक. खरा धोका किल्लीचा: पुष्कळ इमारतींत एकाच किल्लीने मुख्य दार आणि घर उघडतं, ती हरवली तर सगळ्या इमारतीची कुलपं बदलायचा खर्च अंगावर येतो. पॉलिसीत किल्ली हरवण्याचा समावेश आहे का, ते वाचून घ्या.

नोंदणी झाल्यावर काही आठवड्यांत रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं. हा घोटाळा नाही. घरात टीव्ही असो वा नसो, दर घरामागे महिना १८.३६ युरो भरावेच लागतात. घरात राहणाऱ्या दुसऱ्या कुणी भरले असतील तर त्याचा खातेक्रमांक कळवा, दुसऱ्यांदा भरू नका.

पिवळ्या पाकिटातून येणारं पत्र वेगळं. ते कचेरीचं किंवा न्यायालयाचं अधिकृत बजावणं असतं, पाकिटावर पोस्टमनने तारीख लिहिलेली असते आणि मुदत त्या तारखेपासून मोजतात. वाहतुकीच्या दंडावर हरकत घ्यायला दोनच आठवडे असतात. सुट्टीवर भारतात जाताना पेटी बघायला कुणाला तरी सांगून जा, आणि पाकीट टाकून देऊ नका.

निवास परवाना

पासपोर्टवरचा व्हिसा काही महिन्यांचाच असतो. तो संपायच्या आत 'आउसलेंडरबेहोर्डे'कडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कचेरीकडे, परवान्यासाठी अर्ज पोचला पाहिजे. भेटीची वेळ नंतरची मिळाली तरी चालते, अर्ज मात्र मुदतीत. म्हणून नोंदणी झाल्याच्या आठवड्यातच ऑनलाइन अर्ज टाका आणि पोच जपा. पासपोर्ट, करार, पगारपावत्या, विम्याचं प्रमाणपत्र, भाडेकरार लागतात. फोटो २०२५ पासून कागदावरचा चालत नाही, डिजिटलच लागतो, आणि तो मान्यताप्राप्त फोटोग्राफरकडून किंवा कचेरीतल्या यंत्रावर काढायचा.

मधल्या काळासाठी 'फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग' नावाचा कागद देतात. त्यावर निवास कायद्याच्या कलम ८१ चा कुठला परिच्छेद खुणावला आहे ते बघा. चौथा असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. तिसरा असेल तर देश सोडू नका, परत येताना अडवतील. दिवाळीची तिकिटं काढण्याआधी हा कागद वाचावा.

ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणाऱ्या युरोपीय संघाच्या निवास परवान्यावर, असाल तर पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलताना या कचेरीला कळवावं लागतं. कायम निवास ब्लू कार्डवाल्यांना २७ महिन्यांनी मिळू शकतो, भाषेची बी-१ परीक्षा दिलेली असेल तर २१ महिन्यांनी. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची अट नाही, आणि तिथेच फसगत होते. येताना भाषा लागली नाही म्हणून शिकायचं राहतं, आणि घरी असलेल्या माणसाला डॉक्टर, बालवाडी, शेजार कुठेच बोलता येत नाही. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात ए-१ करून यावं. तिथे आल्यावर 'फोल्क्सहोखशूले' या पालिकेच्या लोकशाळांत वर्ग स्वस्त असतात.

इमारतीत राहताना

रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवार पूर्ण दिवस शांतता. रविवारी ड्रिल, व्हॅक्यूम, ठोकाठोकी नाही. मिक्सर दोन मिनिटं चालतो, चटणी वाटायला कुणी पोलीस बोलावत नाही, पण रात्री अकराला चालवू नये. दुकानं रविवारी बंद, फार्मसी पाळीपाळीने उघडी. शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध-भाजी आणून ठेवा.

कचऱ्याचे डबे गावोगावी थोडे वेगळे, ढोबळ रीत अशी: कागद निळ्यात, पॅकिंगचं प्लॅस्टिक आणि डबे पिवळ्यात, भाजीपाल्याची सालं तपकिरी किंवा हिरव्यात, उरलेलं काळ्यात. काच रस्त्यावरच्या टाक्यांत पांढरी, तपकिरी, हिरवी अशी वेगळी. निळी बाटली हिरव्यात. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, नळी तुंबली तर बिल तुमचंच. डब्यांत चुकीचा कचरा सापडला तर तो पालिका नेत नाही आणि सगळी इमारत नव्या भाडेकरूकडे बघते.

पाण्याच्या आणि शीतपेयांच्या एकदाच वापरायच्या बाटल्या व डब्यांवर २५ सेंट ठेव असते, बियरच्या काचेच्या बाटलीवर ८. न चेपता सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाका, कारण लेबल वाचलं गेलं नाही तर यंत्र ती परत करतं.

सगळ्यात जास्त भांडणं बुरशीवरून होतात. खिडक्या हवाबंद असतात, आत कुकरची वाफ, उकळता चहा, घरात वाळणारे कपडे. ती ओल थंड भिंतीवर जमते आणि कोपऱ्यात काळे डाग पडतात. मालक म्हणतो तुम्ही हवा खेळवली नाही, आणि अनामत अडकते. उपाय: दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच ते दहा मिनिटं, आणि परत बंद. अर्धवट तिरकी खिडकी तासन्‌तास ठेवली तर भिंत गार पडते, हवा मात्र बदलत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, पाचेक सेंटिमीटर सोडा. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावा आणि पंखा आधीच सुरू करा. धुराचा भोंगा मिरचीच्या ठसक्यानेही वाजतो.

डॉक्टर आणि मुलं

आजारी पडण्याआधीच घराजवळचा 'हाउसआर्त्स्ट', म्हणजे घरचा डॉक्टर, शोधा. नवे रुग्ण घेता का, हे फोनवर विचारावं लागतं आणि पुष्कळ जण नाही म्हणतात. तज्ज्ञाकडे जायला बहुधा त्याची चिठ्ठी लागते आणि वेळ कित्येक आठवड्यांनी मिळते. रात्री-सुट्टीला पण जीवघेणं नसलेलं दुखणं असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२, पोलीस ११०. सर्दीतापाला अँटिबायोटिक मिळणार नाही, चहा प्या आणि झोपा असं सांगतील. यात डॉक्टरचा निष्काळजीपणा नाही, तिथली रीतच तशी आहे. सरकारी विम्यात औषधाच्या चिठ्ठीवर ५ ते १० युरो तुमचे. आजारपणाची रजा कंपनीला पहिल्याच सकाळी कळवा. तीन दिवसांहून जास्त झाली की डॉक्टरचा दाखला लागतो, आणि करारात लिहिलं असेल तर पहिल्या दिवसापासूनही.

बालवाडीसाठी नाव घर मिळाल्या दिवशी घाला. एक वर्षानंतर मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे, प्रत्यक्षात रांग लांब. प्रवेशाला गोवर लसीचा पुरावा सक्तीचा, म्हणून लसीकरणाचं कार्ड हरवू नये. बालभत्ता, २०२६ मध्ये मुलामागे महिना २५९ युरो, आपोआप येत नाही, अर्ज करावा लागतो, आणि मागच्या सहाच महिन्यांचा मिळतो. सहाव्या वर्षापासून शाळा सक्तीची. स्वस्त तिकिटासाठी सुट्टीच्या दोन दिवस आधी मूल काढून भारतात नेलं तर दंड होतो, आणि काही विमानतळांवर पोलीस विचारतात.

येणंजाणं आणि गाडी

डॉइचलांड तिकीट, जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो, देशभरातल्या शहरी बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्यांत चालतं; आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत नाही. ते वर्गणीवर असतं. रद्द करायचं तर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत. विनातिकीट प्रवासाला ६० युरो दंड. सुटं कागदी तिकीट अनेक शहरांत यंत्रात ठसा मारल्याशिवाय वैध नसतं.

भारतीय वाहन परवाना, भाषांतर सोबत ठेवून, राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो. सातव्या महिन्यात गाडी चालवणं हा विनापरवाना चालवण्याचा गुन्हा आहे, आणि अपघात झाला तर विमाही अंगावर येतो. जर्मन परवान्यासाठी डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. जुना परवाना असलेल्याला ठरावीक तासांच्या शिकवणीची सक्ती नाही, पण सात-आठ तास घेतल्याशिवाय परीक्षेला बसू नये. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, हिंदीत नाही. प्रत्यक्ष परीक्षेत सूचना जर्मनमध्ये. आपले लोक दोन ठिकाणी नापास होतात: पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ न देणं, आणि वळताना मान फिरवून खांद्यावरून न बघणं. आरशात बघितलं हे परीक्षकाला पुरत नाही, कारण तिथे सायकलवाला असतो.

भारतातल्या बाजूची कामं

भारतीय सिम बंद पडू देऊ नका. बँक, म्युच्युअल फंड, आयकर सगळ्यांचे ओटीपी त्यावर येतात. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून, परदेशात मेसेज येतो का ते बघा, आणि सर्वांत लहान रिचार्ज चालू ठेवा. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं साधं खातं, करून घेणं परकीय चलन कायद्यानुसार बंधनकारक आहे. डीमॅट आणि फंडांच्या केवायसीतही निवासाची स्थिती बदलावी लागते. नोकरीसाठी २८ सप्टेंबरपर्यंत देश सोडला तर त्या आर्थिक वर्षात भारतातले दिवस १८२ पेक्षा कमी भरतात आणि तुम्ही आयकरासाठी अनिवासी ठरता. सप्टेंबरऐवजी ऑक्टोबरमध्ये निघणाऱ्यांनी हे गणित करूनच तिकीट काढावं.

भारतीय कंपनीनेच पाठवलं असेल तर भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करारानुसार, जो १ मे २०१७ पासून लागू आहे, भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज' घ्या. त्यामुळे ४८ महिन्यांपर्यंत जर्मन पेन्शनचा हप्ता वाचतो. निघाल्यावर मागितलं तर पहिले काही महिने दोन्हीकडे कापले जातात.

आणि एनआरई, म्हणजे परदेशातल्या कमाईच्या अनिवासी खात्यातल्या, ठेवींचं व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून जर्मन विवरणपत्रातून वगळू नका. जर्मनीत राहणाऱ्याच्या जगभरच्या उत्पन्नावर तिथे कर लागतो. भारतीय बँकेकडून एप्रिल-मार्चऐवजी जानेवारी ते डिसेंबरचा व्याजाचा दाखला मागून घ्या, कारण जर्मन करवर्ष तसंच चालतं.